यंत्रपाठकाचे गुणदोष

'वाचणे' हे मराठी क्रियापद संस्कृत 'वच्' धातूच्या प्रयोजक रूपापासून आलेले आहे. 'वाचयति' म्हणजे मुळात 'बोलावयास लावतो'. वाचक म्हणजे अक्षरांना बोलते करणारा, हा अर्थ आज आपल्या फारसा ध्यानात राहिलेला नाही. कारण मुद्रणाच्या प्रसाराबरोबर आपले वाचन उत्तरोत्तर मुके होत गेले. पोथी वाचली जाई ती चार जणांनी ऐकावी म्हणून. कादंबरी वाचली जाते ती एकट्याने, ओठ मिटून. आता लिखित मजकूर मोठ्याने ऐकवणारी ॲपे ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आली आहेत, आणि अक्षरांना बोलते करण्याचे काम पुन्हा दुसऱ्या कोणाकडे गेले आहे. मात्र हा दुसरा कोणी पुराणिक नव्हे. ते यंत्र आहे. या यंत्रपाठकाच्या हाती साहित्यकृती सोपवावयाची झाल्यास त्याची पारख कोणत्या कसोट्यांवर करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न माझ्यापुरता केवळ तात्त्विक नाही. दोन वर्षांपूर्वी दृष्टिपटलाच्या विकारामुळे माझे डोळ्यांनी वाचणे दिवसाकाठी एका तासावर आले. अनुवाद आणि समीक्षा हेच जिचे काम, तिने उरलेले तास कसे काढावेत? प्रथम घरातल्या माणसांनी वाचून दाखवले. परंतु त्यांच्या वेळेलाही मर्यादा होती आणि माझ्या संकोचालाही. मग यंत्राकडे वळावे लागले, आणि लौकरच ध्यानात आले की अनेक आवाजांतून एक निवडणे हे बाजारातून वस्तू निवडण्यासारखे नाही. आवाज निवडताना मी नकळत समीक्षाच करीत होते.

प्रारंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ॲप वेगळे आणि आवाज वेगळा. मजकूर उघडणे, पाने उलटणे, जेथे थांबलो ती जागा लक्षात ठेवणे, हे ॲपचे काम. उच्चार करणे हे त्यामागील वाक्-यंत्रणेचे. पुष्कळ ॲपे स्वतःचा आवाज बाळगीत नाहीत. मोबाइलवर वा संगणकावर जी यंत्रणा असेल तिच्याकडून तो उसना घेतात. म्हणून 'अमुक ॲप वाईट वाचते' ही तक्रार पुष्कळदा चुकीच्या पत्त्यावर जाते. मराठीपुरते पाहिले तर आज निवडीला वाव आहे. ॲन्ड्रॉइड मोबाइलवर गूगलचा मराठी आवाज मिळतो. मायक्रोसॉफ्टने मराठीसाठी 'आरोही' आणि 'मनोहर' अशा नावांचे दोन आवाज तयार केले आहेत. 'ईस्पीक एनजी' ही मुक्तस्रोत यंत्रणा मराठी वाचते, आणि अंध वाचकांत प्रचलित असलेल्या 'एनव्हीडीए' या विनामूल्य स्क्रीन रीडरबरोबर ती येते. आयआयटी मद्रास येथील 'एआयफोरभारत' या गटाने भारतीय भाषांचे आवाज संशोधकांना खुले करून दिले आहेत. तात्पर्य, प्रश्न अभावाचा उरलेला नाही, विवेकाचा आहे.

विवेकासाठी निकष हवेत, आणि ते आपल्या परंपरेत आयते आहेत. पाणिनीय शिक्षेत पाठकाचे सहा गुण आणि सहा दोष सांगितले आहेत. माधुर्य, अक्षरांची स्पष्टता, पदांची योग्य फोड, सुस्वर, धीर आणि लयीचे सामर्थ्य हे गुण. तर गाऊन वाचणारा, घाईने वाचणारा, डोके हलवीत वाचणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणता वाचणारा आणि क्षीण कंठाचा, हे सहा अधम पाठक. हे निकष वेदपाठासाठी होते, हे उघड आहे. तथापि ते यंत्राला लावून पाहिले असता एक चमत्कारिक गोष्ट दिसते. यंत्र जन्मतःच यांपैकी दोन दोषांनी युक्त आहे: ते लिखितपाठक आहे, आणि ते अनर्थज्ञ आहे. डोके हलवण्याचा आणि क्षीण कंठाचा दोष त्याला संभवत नाही. घाई आपल्या हाती आहे. उरतात ते गाऊन वाचण्याचा दोष आणि सहा गुण. निवडीचे क्षेत्र एवढेच आहे, आणि ते पुरेसे आहे.

प्रथम अक्षरव्यक्तीचा विचार करू. देवनागरी ही उच्चारानुसारी लिपी आहे असे आपण अभिमानाने सांगतो. यंत्राला वाचावयास लावले की हा अभिमान काहीसा निवळतो. मराठी लिपी कितीतरी गोष्टी लिहीत नाही; त्या वाचकाच्या ज्ञानावर सोडून देते. 'चार-पाच' या जोडशब्दातील पहिला 'च' तालव्य आणि दुसरा दंततालव्य, हे कोणत्याही खुणेने दाखवलेले नसते. 'माझा' आणि 'माझी' यांतील 'झ' एक नव्हे. 'जरा थांब, जरा आली म्हणून घाबरू नकोस' या वाक्यात पहिले 'जरा' म्हणजे थोडे आणि दुसरे म्हणजे वार्धक्य. दोहोंचे लेखन एक, उच्चार दोन. 'तो जात आहे' यातील 'जात' आणि 'त्याची जात विचारू नका' यातील 'जात' यांचेही तेच. मराठी माणूस हा भेद अर्थावरून करतो. जो पाठक अर्थ जाणत नाही तो आकडेवारीच्या आधाराने अंदाज बांधतो. आणि अंदाज चुकतो तेव्हा वाक्याचा अर्थच उलटतो.

या पत्रिकेचे वाचक देशभर पसरलेले असल्याने आणखी एका गोष्टीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. हिंदी आणि मराठी यांची लिपी एक असल्यामुळे पुष्कळ मोबाइलवर मराठी मजकूर हिंदी आवाजात वाचला जातो आणि ऐकणाऱ्याला कारण उमगत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. 'ज्ञान' हा शब्द मराठी कंठातून 'द्न्यान' असा येतो, हिंदीतून 'ग्यान' असा. 'अमृत' मराठीत 'अम्रुत' होते, हिंदीत 'अम्रित'. 'पैसा' आणि 'औषध' यांतील 'ऐ' आणि 'औ' मराठीत जोडस्वर म्हणून ऐकू येतात, हिंदीत बहुधा एकजिनसी. हे चार शब्द ऐकवून पाहावेत. आवाज कोणत्या भाषेचा आहे ते लागलीच कळते. इंदूर, बडोदे वा दिल्ली येथील ज्या मराठी घरांत मोबाइलची भाषा हिंदी अथवा इंग्रजी ठेवलेली असते, तेथे ही परीक्षा प्रथम करावी.

पुढची कसोटी 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या जोड्यांची. येथे लिपीने भेद दाखवलेला आहे. तो जर यंत्राने पुसून टाकला तर त्या आवाजाला मराठी वाचता येते असे म्हणता येणार नाही. त्यानंतर अनुस्वार. बोलीतील 'केलं', 'गेलं' यांवरील अनुस्वार नाकातला नव्हे. तो अकार लांबवण्याची खूण आहे. ग्रामीण कथेतील वा आधुनिक कादंबरीतील संवाद ऐकताना एखादा आवाज प्रत्येक 'केलं'चे 'केलम्' करू लागला, तर पानभर संवादाची माती होते. याहून गंभीर अडचण जुन्या पुस्तकांची. १९६२ साली शासनमान्य झालेल्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीचे लेखन अनुच्चारित अनुस्वारांनी भरलेले आहे. जुन्या लेखनातील 'घरांत' म्हणजे एकाच घरामध्ये. आजच्या नियमांनुसार 'घरांत' म्हणजे अनेक घरांमध्ये. यंत्र तो अनुस्वार इमानाने उच्चारते आणि ऐकणारा एका घराची अनेक घरे करून बसतो. येथे चूक यंत्राची म्हणावी की लिपीच्या इतिहासाची, हा प्रश्नच आहे. परंतु जुने गद्य ऐकणाऱ्याने ही सावधगिरी बाळगलीच पाहिजे.

दुसरा गुण पदच्छेद. मराठी साहित्याच्या चर्चेत लेखकांची आद्याक्षरे पदोपदी येतात. 'वि. स. खांडेकर' हे नाव वाचताना जो आवाज प्रत्येक पूर्णविरामाला वाक्य संपल्याप्रमाणे थांबतो, तो समीक्षा ऐकण्याच्या कामाचा नाही. '१९५६' हा आकडा साल म्हणून आला असता 'एकोणीसशे छप्पन्न' असा वाचला जातो की 'एक हजार नऊशे छप्पन्न' असा, हेही पाहावे. या गोष्टी क्षुल्लक वाटतील. पण दोनशे पानांचा ग्रंथ ऐकताना क्षुल्लक खड्ड्यांनीच प्रवास असह्य होतो. चांगल्या ॲपमध्ये अशा शब्दांचा उच्चार आपल्याला दुरुस्त करून ठेवता येतो. ही सोय ज्यात नाही ते ॲप, आवाज कितीही गोड असला तरी, साहित्याच्या वाचकाने घेऊ नये. कारण ज्याला चूक सांगता येत नाही तो पाठक सुधारत नाही.

लयीच्या बाबतीत मात्र यंत्राचा पराभव जवळजवळ निश्चित आहे, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. मराठी गद्यात शब्दाच्या अंतीचा अकार आपण उच्चारीत नाही. 'कमळ' लिहिताना तीन अक्षरे, बोलताना दोनच अवयव ऐकू येतात. छंदात मात्र ही तिन्ही अक्षरे मोजली जातात आणि पठणात ती उच्चारावी लागतात. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे असतात. गद्याच्या सवयीने वाचणारे यंत्र अंत्य अकार गिळत जाते. सहा अक्षरांच्या चरणाचे कधी पाच, कधी चार अवयव उरतात, आणि अभंगाचा साचाच मोडतो. अक्षरगणवृत्तांत तर एक अक्षर हरवले तरी वृत्त उरत नाही. मुक्तछंदात अडचण वेगळी. तेथे ओळ कोठे मोडली हाच अर्थाचा भाग असतो. आणि बहुतेक आवाज ओळीच्या अंताला एक तर मुळीच थांबत नाहीत, किंवा परिच्छेद संपल्यासारखे थांबतात. म्हणून कविता यंत्राकडून ऐकू नये असे माझे मत झाले आहे. हे मत यंत्राच्या निषेधाचे नाही. ज्या गोष्टीसाठी कंठाला लयीचे ज्ञान लागते ती अशा कंठाकडेच द्यावी, एवढाच त्याचा अर्थ.

येथवरच्या निकषांबाबत फारसा मतभेद होणार नाही. खरा वाद माधुर्याविषयी आहे. २०१६ साली 'वेव्हनेट' हे संशोधन प्रसिद्ध झाले, आणि तेव्हापासून यांत्रिक आवाजाचे स्वरूप पालटले. पूर्वीच्या एका पद्धतीत ध्वनीचे घटक सूत्रांनी रचून उच्चार घडवला जाई; आवाज धातूसारखा, खणखणीत आणि भावशून्य असे. 'ईस्पीक एनजी' अजूनही मुख्यतः या जातीचा आहे. नव्या पद्धतीत माणसांच्या ध्वनिमुद्रणांवरून यंत्र बोलण्याचे वळणच शिकते. त्यामुळे आवाजाला श्वास, चढउतार, मार्दव येते. कोणीही पहिल्या श्रवणात नवा आवाजच पसंत करील. मीही केला.

काही आठवड्यांनी माझे मत बदलले. नव्या आवाजाचे माधुर्य त्याच्या चुका झाकते. जुन्या पद्धतीचा आवाज चुकला की कानाला खटकते. आपण थांबतो, मागे जातो, मूळ पान पाहतो. मधुर आवाज चुकतो तो इतक्या आत्मविश्वासाने की ऐकणारा ती चूक लेखकाच्या नावावर जमा करतो. एका कथेतील उपरोधाचे वाक्य अशा एका आवाजाने मनापासूनच्या कौतुकाच्या स्वरात वाचले. मी ते तसेच स्वीकारले आणि लेखकाच्या भाबडेपणाविषयी टिपणही करून ठेवले. दुसऱ्या दिवशी वाचनाच्या माझ्या तासात ते पान डोळ्यांखाली आले तेव्हा उपरोध उघड दिसला. टिपण खोडले, पण न तपासलेली अशी किती टिपणे असतील, हा विचार सुटला नाही. अर्थ न जाणता अर्थाचा अभिनय करणे, हा तो दोष होता. प्राचीन शिक्षाकारांनी गाऊन वाचणाऱ्याला अधम ठरवले त्यामागे अशीच काही भीती असावी: स्वराच्या ओघात अक्षर आणि अर्थ वाहून जाण्याची.

याच्या उलट, सपाट आवाज अर्थाविषयी काहीच सुचवीत नाही. तो शब्द पुढे ठेवतो आणि बाजूला होतो. वाक्यातील उपरोध, करुणा, संशय हे सारे ऐकणाऱ्यालाच उभे करावे लागते. म्हणजे ऐकणारा वाचकच राहतो. मूकवाचनात छापील अक्षर जितके तटस्थ असते, त्याच्या सर्वांत जवळचा आवाज हाच. म्हणून अभ्यासासाठी आवाज निवडताना माझा नियम असा झाला आहे: ज्याची चूक ऐकू येते तो आवाज घ्यावा.

या अनर्थज्ञ पाठकाचा मला आणखी एक उपयोग झाला, आणि तो अनुवादकांना उपयुक्त वाटेल. हिंदीतून केलेल्या एका कादंबरीच्या अनुवादाचा खर्डा मी यंत्राकडून ऐकला. डोळ्यांनी तो तीनदा तपासला होता. घरी वाचून दाखवला तेव्हाही कोणाला काही खटकले नव्हते. यंत्राने वाचू लागताच दुसऱ्याच पानावर 'त्याला वाटले की तिला माहीत आहे की तो सांगणार नाही की' अशी 'की'ची माळ कानांवर आदळली. पुढे 'जो मुलगा काल आला होता तो' अशी वाक्ये ओळीने येऊ लागली, जेथे मराठी सहजपणे 'काल आलेला मुलगा' म्हणते. शब्द मराठी होते, वाक्याची बैठक हिंदीच राहिली होती. हे मला आधी का दिसले नाही? कारण मला अर्थ ठाऊक होता, आणि अर्थ ठाऊक असलेला वाचक वाक्याला सांभाळून घेतो. घरचे वाचकही सुजाण होते. जेथे वाक्य अडखळले तेथे त्यांच्या स्वराने ते सावरले. यंत्र कोणालाही सावरीत नाही. त्या एका ऐकण्यानंतर पहिली तीन प्रकरणे मी नव्याने लिहिली.

यावर एक आक्षेप संभवतो. माणसाने वाचलेली ध्वनिपुस्तके उपलब्ध असताना ही उठाठेव कशासाठी? स्टोरीटेलसारख्या सेवेने २०१७ पासून मराठी पुस्तके जाणकार वाचकांच्या आवाजात उपलब्ध करून दिली आहेत, आणि आस्वादासाठी त्यांना तोड नाही हे मी मोकळेपणाने मान्य करते. परंतु ध्वनिपुस्तक म्हणजे वाचणाऱ्याने केलेले एक भाष्यच असते. शिवाय जे कोणी ध्वनिमुद्रित करणार नाही त्याचे काय? नियतकालिकांचे जुने अंक, प्रबंध, पत्रव्यवहार, कालच लिहिलेला खर्डा यांना माणसाचा आवाज लाभणे अवघड आहे. तेथे यंत्राला पर्याय नाही.

दुसरा आक्षेप घाईचा. या यंत्रांवर दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकता येते, आणि शिक्षाकारांनी घाईने वाचणाराही अधमांत गणला आहे. येथे मात्र मला परंपरेशी थोडे भांडावेसे वाटते. जन्मभर कानांनीच वाचत आलेले पुष्कळ अंध वाचक अतिशय वेगाने ऐकतात आणि सारे टिपतात. त्यांच्या दृष्टीने वेग ही घाई नसून डोळस वाचकाशी बरोबरी आहे. या वेगात जुन्या पद्धतीचा सपाट आवाज स्पष्ट राहतो म्हणूनच तो त्यांना प्रिय असतो. माधुर्याच्या मोहात आपण त्यांच्या या अनुभवाकडे दुर्लक्ष करू नये. माझ्यासारख्या उशिरा कानांकडे वळलेल्या व्यक्तीला ललित गद्य संथ गतीनेच ऐकावे लागते. वेगाचा निर्णय ऐकणाऱ्याचा असावा, एवढेच ॲपकडून अपेक्षित आहे. त्याबरोबरच वाक्यावाक्याने मागे जाण्याची सोय असावी; पंधरा सेकंद मागे नेणारी कळ गाण्यासाठी ठीक, गद्याचे एकक वाक्य आहे.

अनुवादकाने आणखी एक गोष्ट पाहावी. काही आवाज मोबाइलमध्येच तयार होतात. काहींसाठी मजकूर इंटरनेटवरून दूरच्या संगणकाकडे जातो. अप्रकाशित हस्तलिखित ही दुसऱ्याची ठेव आहे. ते अशा आवाजाकडे देण्यापूर्वी लेखकाची अनुमती घ्यावी, किंवा जाळ्याविना चालणारा आवाज वापरावा.

शेवटी, उत्तम आवाज निवडूनही वाचायला मजकूर नसेल तर काय? मराठीतील कितीतरी पुस्तके युनिकोडपूर्व टंकांत अक्षरजुळणी झालेली आहेत. त्यांच्या संगणकीय प्रती पडद्यावर मराठी दिसतात, पण यंत्राला ती निरर्थक चिन्हांची रास असते. २०१२ च्या दुरुस्तीने भारताच्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांग वाचकांसाठी सुलभ प्रती करण्याची मुभा आली. माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा २०१४ साली पहिला देश ठरला. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय चालू आहे. कायद्याने दार उघडले आहे. आत ठेवायची पुस्तके वाचनीय रूपात देणे हे प्रकाशकांचे, विद्यापीठांचे आणि साहित्यसंस्थांचे काम आहे. ज्यांच्याकडे जुन्या टंकांतील संचिका पडून आहेत त्यांनी त्या युनिकोडमध्ये आणाव्यात, ही विनंती येथे करून ठेवते. नवा आवाज घडवण्यापेक्षा हे काम कमी आकर्षक आहे, परंतु त्यावाचून कोणताही आवाज मुका आहे.

माझ्या संगणकावर आज दोन आवाज आहेत. सायंकाळी मन रमवण्यासाठी प्रवासवर्णन ऐकावयाचे असले की मी मधुर आवाज लावते. काम करावयाचे असते तेव्हा सपाट आवाज लावते, आणि डोळ्यांचा तो एक तास राखून ठेवते: दिवसभरात जेथे कान अडखळला त्या जागा पानावर जाऊन पाहण्यासाठी. बहुतेक वेळा चूक यंत्राची निघते. कधी लेखकाची निघते, आणि कधी माझी.